जुनी सायकल नेमकी कोणी घडवली?

जुन्या सायकलींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘ही ओरिजिनल बीएसए आहे.’ पुरावा म्हणून बोट जातं ते चेनव्हीलकडे. पोलादी चक्राच्या पोटात कापून काढलेली बी, एस, ए ही तीन अक्षरं तिथे स्पष्ट दिसत असतात आणि ती बहुतेक वेळा खरीही असतात. म्हणजे चेनव्हील बीएसएचं असतं. सायकल बीएसएची असेलच असं मात्र नाही.

बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही बंदुका घडवणाऱ्या कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन काढलेली कंपनी. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचं चिन्ह तिथूनच आलं. बंदुकांची मागणी रोडावली तेव्हा १८८० मध्ये ती सायकलीकडे वळली, मधल्या काळात पुन्हा बंदुकांकडे गेली आणि १८९३ पासून सायकलचे सुटे भाग काढू लागली. हब, क्रँकचा आस बसतो तो बॉटम ब्रॅकेट, क्रँक, चेनव्हील, नळ्या जोडायचे लग, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा माथा, सगळं. बंदुकीच्या कारखान्यातली यंत्रं हजारो भाग एकाच मापाचे काढू शकत होती आणि सायकलच्या धंद्याला नेमकं तेच हवं होतं. ब्रिटनमधल्या गावोगावच्या दुकानदारांनी हे भाग मागवायचे, दुसरीकडून आणलेल्या नळ्या त्यात बसवून पितळेने झाळायच्या, रंग द्यायचा आणि पुढच्या नळीवर स्वतःच्या दुकानाचं नाव टाकायचं. सांगाडा कसा जुळवायचा याची मापं आणि आकृत्या असलेल्या पुस्तिका कंपनीच छापत असे. अशा सायकलीचा कर्ता कोण? भाग घडवणारी बर्मिंगहॅमची कंपनी, नळ्या झाळणारा एखाद्या लहान गावातला कारागीर, की ज्याच्या नावाने ती विकली गेली तो दुकानदार?

जुन्या सायकलीची ओळख पटवण्यातला बहुतेक गोंधळ या एका ठिकाणी सुरू होतो. सायकल हे पहिल्यापासून अनेकांच्या हातून घडलेलं यंत्र आहे. नळी एकाची, लग दुसऱ्याचे, सीट ब्रुक्सची, दिवा लुकासचा, टायर डनलॉपचा. म्हणून ‘ही कोणी बनवली’ हा एक प्रश्न नाही, तीन आहेत: भाग कोणाचे, सांगाडा कोणी जोडला आणि नाव कोणाचं लागलं. माझ्या मते यांतला मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा; आणि उत्तर द्यायला तोच सर्वांत अवघड.

अमेरिकेत ही गुंतागुंत आणखी वाढली. इग्नाझ श्विन या जर्मन माणसाने १८९५ मध्ये शिकागोत काढलेल्या कारखान्यातून निघालेल्या असंख्य सायकलींवर श्विन हे नाव नव्हतंच. टायर विकणारी बी. एफ. गुडरिच कंपनी, हार्डवेअरची दुकानं, गावोगावचे विक्रेते आपापला बिल्ला पाठवत आणि कारखाना तो पुढच्या नळीवर ठोकून देत असे. सीअर्ससारखी टपालाने माल विकणारी पेढी स्वतः एकही सायकल बनवत नव्हती, पण तिच्या नावाच्या सायकली देशभर होत्या. त्यात १८९९ मध्ये चाळीसहून अधिक कारखाने एकत्र करून अमेरिकन बायसिकल कंपनी हा महासंघ उभा राहिला. कारखाने बंद झाले, नावं मात्र टिकली आणि एका गावचा बिल्ला दुसऱ्या गावच्या सांगाड्यावर जाऊन बसू लागला. त्यामुळे तिथले संग्राहक बिल्ल्यावरचं नाव वाचण्याआधी बिल्ला काढून त्यामागची भोकं पाहतात. दोन भोकं एकाखाली एक आहेत की आडवी शेजारी, त्यांच्यातलं अंतर किती, यावरून कारखान्याचा माग लागतो. नाव बदलत होतं, भोकं पाडायचा साचा बदलत नव्हता.

डेटनच्या राइट बंधूंचं उदाहरण या संदर्भात फार बोलकं आहे. विमानाआधी ते सायकलवाले होते, हे शाळेतच कळतं. १८९२ मध्ये त्यांनी दुकान काढलं, १८९६ पासून स्वतःच्या नावाच्या सायकली बनवायला घेतल्या आणि त्यांतल्या उत्तम प्रकाराला डेटनच्या आरंभीच्या वसाहतकारांपैकी असलेल्या आपल्या पूर्वजांवरून ‘व्हॅन क्लीव्ह’ हे नाव दिलं. नळ्या आणि बरेच भाग ते बाहेरून घेत. मग राइट बंधूंचं त्यात काय? एक गोष्ट निश्चित होती. डाव्या पायडलचे आटे त्यांनी उलटे पाडले. सरळ आट्यांचं डावं पायडल चालवता चालवता सैल होऊन गळून पडतं. उलट्या आट्यांचं पडत नाही. आज जगातल्या प्रत्येक सायकलला ही व्यवस्था असते, त्यामुळे तिचं अप्रूप वाटत नाही. पण १९०० च्या सुमारास ती राइटांच्या दुकानात जाहिरातीचा विषय होती. तेव्हा डेटनच्या त्या काळातल्या एखाद्या सायकलचं डावं पायडल काढून पाहणं हा ओळख पटवण्याचा एक खरा मार्ग आहे, बिल्ला असो वा नसो.

आट्यांचा हा मुद्दा इथेच संपत नाही, कारण सांगाड्याच्या पोटात लपलेले आटे रंगाखाली झाकले जात नाहीत, सहज बदलता येत नाहीत आणि विकणारा त्यांच्याकडे कधी पाहतही नाही. ब्रिटिश सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटला सर्वसाधारणपणे इंचाला २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र स्वतःचं वेगळं माप धरलं: इंचाला २६. त्याचा व्यापारी हेतू उघड आहे. रॅलेच्या गिऱ्हाइकाने बॉटम ब्रॅकेटचा कप बदलायचा तर तो रॅलेचाच घ्यायला हवा. गिऱ्हाइकाला याचा त्रास झाला असेल. अभ्यासकाचं मात्र यात भलं झालं. रंग खरवडून गेलेला, बिल्ला नसलेला, चिमटा बदललेला सांगाडा आणि त्यात २६ आट्यांचा कप सापडला तर शोध एकदम नॉटिंगहॅमच्या दिशेने वळतो. आटे कोणत्या दिशेचे आहेत, हेही बोलतं. ब्रिटिश पद्धतीत चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, जुन्या फ्रेंच आणि इटालियन सायकलींत दोन्ही बाजूंचे सरळ. आणि बॉटम ब्रॅकेटचं कवच चांगलंच रुंद भोकाचं, आटेच नसलेलं असेल, दोन्ही क्रँक मिळून एकच वाकवलेली सळई असेल, तर सायकल जवळजवळ नक्कीच अमेरिकी घराण्यातली. हे सगळं पाहायला लागतं एक पाना, थोडं रॉकेल आणि आट्यांची मापपट्टी. नाक्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे पहिल्या दोन गोष्टी असतातच.

आट्यांनंतर पाहायचा तो चिमटा. पण पाहण्याआधी एक खात्री करायला हवी: तो मूळचाच आहे ना? समोरून धडक बसली की आधी वाकतो तो चिमटा, म्हणून बदलला जाण्याचा पहिला मानही त्याचाच. मूळचा असेल तर काही घराण्यांची ओळख लांबूनच पटते. हंबरचा चिमटा जोडनळ्यांचा असतो. प्रत्येक बाजूला एका जाड पायाऐवजी दोन बारीक नळ्या समांतर खाली उतरतात. रॅलेच्या जुन्या रोडस्टरला चिमट्याचा माथा आडव्या नळीसारखा गोल असतो आणि तिच्या दोन्ही टोकांना चकचकीत टोप्या. चेनव्हीलवर तर कंपन्यांनी हौसच केली आहे. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी, हंबरच्या चक्रात धावणारी माणसं, रज-व्हिटवर्थच्या चक्रात पंजा. हे बघायला सुंदर असतं, पण पुरावा म्हणून चेनव्हीलला चिमट्याच्याही खालची पायरी द्यावी. दाते झिजले की चेनव्हील बदलतात आणि बदलताना दुकानात जे असेल ते बसतं.

उरतात लग, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांवरचे पोलादी जोड. यांच्याकडे नवखे लोक सर्वांत आधी पाहतात, कारण त्यांच्या कडा कधी कधी नक्षीसारख्या कापलेल्या असतात. पण लंडनच्या चेटर-ली कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इतक्या छोट्या कारखान्यांना लग आणि बॉटम ब्रॅकेट पुरवले की त्यावरचा शिक्का सांगाडा कोणी झाळला याबद्दल काहीच सांगत नाही. नळीवरच्या ‘रेनॉल्ड्स ५३१’ या ट्रान्स्फरची, म्हणजे चिकटवलेल्या छापाचीही तीच गत. ती नळीची जात सांगते, कारागिराची नाही. एक मात्र होतं: ही मिश्र पोलादाची नळी १९३५ मध्ये बाजारात आली, त्यामुळे ते ट्रान्स्फर मूळचं असेल तर सांगाडा त्याच्या आधीचा असू शकत नाही.

ओळख पटवण्याचं सगळं शास्त्र खरं तर अशा ‘याच्या आधीचं नाही’ छापाच्या विधानांवर उभं आहे. बोस्टनच्या अल्बर्ट पोपने १८७८ मध्ये ‘कोलंबिया’ सायकली सुरू केल्या आणि सायकलविषयक पेटंटं विकत घेण्याचा सपाटा लावला. दुसऱ्या कारखानदारांकडून तो त्यांवर स्वामित्वशुल्क वसूल करत असे. त्याच्या सायकलींवरच्या पट्टीवर पेटंटच्या तारखांची यादी असते. यादीतली शेवटची तारीख ही त्या यंत्राची जुन्यात जुनी मर्यादा. तिच्या नंतर ते केव्हाही बनलेलं असेल, आधी नाही. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर तिसाच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वर्षाचा आणि पुढे महिन्याचाही आकडा ठोकलेला मिळतो. हे इतकं सोयीचं आहे की लोक त्यावर डोळे झाकून विसंबतात. तो आकडा हबचा आहे. सायकलचं मूळ चाक अजून टिकून असेल तरच तो सायकलीचा. चकाकीचंही तसंच. क्रोमचा मुलामा विसाच्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला, त्याआधी निकेल होतं. निकेलची पिवळसर, मऊ झाक एकदा डोळ्यांत बसली की पुन्हा चूक होत नाही, पण नंतर क्रोम चढवलेलं निकेल हा वेगळा गुंता आहे. आपल्याकडच्या सुट्या भागांसाठी आणखी एक मर्यादारेषा आहे: आयएसआयचं चिन्ह. ते चिन्ह देण्याचा कायदा १९५२ चा, तेव्हा ते रिमवर किंवा क्रँकवर दिसलं की तो भाग स्वातंत्र्यापूर्वीच्या विलायती सायकलीचा मूळ भाग नाही, एवढं पक्कं.

चाकांतल्या आऱ्या मोजणं हा माझा आवडता उपाय, कारण तो अगदी फुकट आहे. ब्रिटिश प्रथा पुढे ३२ आणि मागे ४० अशी होती. अमेरिकी प्रथा दोन्हीकडे ३६. आपल्या देशी रोडस्टरनी ब्रिटिश वळण घेतलं.

एवढं करून नाव पटलं, समजा ‘हंबर’ हे नाव पटलं, तरी प्रश्न उरतोच: कोणती हंबर? थॉमस हंबरने नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये घडवलेली सायकल वेगळी आणि १९३२ नंतरची वेगळी, कारण त्या वर्षी रॅलेने हंबरचा सायकलव्यवसाय घेतला. रज-व्हिटवर्थ १९४३ मध्ये रॅलेकडे आली. बीएसएच्या सायकली १९५७ मध्ये. सनबीम हे वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टनचं, चेनला तेलात बुडवून ठेवणाऱ्या बंद चेनकेससाठी नावाजलेलं घराणं. त्याच्या सायकली आधी बीएसएकडे गेल्या होत्या. उरलेल्यांपैकी हर्क्युलस आणि फिलिप्स यांना ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने आपल्या पंखाखाली घेतलं होतं आणि १९६० मध्ये त्या समूहाचा सायकलविभाग व रॅले हेही एक झाले. म्हणजे साठच्या दशकात इंग्लंडमध्ये बनलेल्या हंबर, रज, बीएसए, फिलिप्स, हर्क्युलस या सगळ्या आतून भावंडंच होत्या. हंबरच्या जोडनळीचा चिमटा रॅलेच्या काळातही चालू राहिला, कारण गिऱ्हाईक त्यासाठीच हंबर मागत होतं. चिमटा हंबरचा, आटे रॅलेचे, अशा सायकली त्या काळच्या आहेत आणि त्यांना बनावट म्हणणं अन्यायाचं ठरेल.

इथे आपला प्रदेश या गोष्टीत शिरतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई बंदरात उतरलेल्या विलायती सायकली पुणे, नगर, सोलापूर, कोल्हापूरपर्यंत गेल्या आणि आज ज्या वाड्यांच्या माळ्यांवरून खाली येतात त्यांत त्यांचा मोठा वाटा आहे. पण स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि तीच विलायती नावं इथे घडू लागली. बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला आणि तिथून रॅले, हंबर, रॉबिनहूड बाहेर पडू लागल्या. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स १९४९ मध्ये सुरू झाली आणि हर्क्युलस, फिलिप्स, पुढे बीएसए ही नावं तिच्याकडे आली. नाव तेच, बिल्ल्याचा आकारही जवळपास तोच, रॉड ब्रेक तेच, काळा रंग आणि सोनेरी रेघाही त्याच. आजोबांची हर्क्युलस बर्मिंगहॅमची की मद्रासची, हा महाराष्ट्रात सर्वांत खरा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा प्रश्न आहे. टाळला जातो, कारण उत्तर मद्रास निघालं तर घरच्यांचा चेहरा पडतो. तो का पडावा, हे मला कधी कळलेलं नाही. पन्नासच्या दशकातली भारतीय हर्क्युलस हा आपल्या उद्योगाच्या इतिहासातला महत्त्वाचा पुरावा आहे. बर्मिंगहॅमच्या हर्क्युलस इंग्लंडात अजून पुष्कळ आहेत.

आणि ज्या सायकलीचं नाव खोटं असण्याची शक्यताच सर्वांत कमी, तिच्याकडे आपण फिरकत नाही. मुंबईत वरळीला स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झालेल्या हिंद सायकल्सच्या सायकली राज्यभर धावल्या. १९८० मध्ये सरकारने हा कारखाना ताब्यात घेऊन नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया केली, त्याच साली सेन-रॅलेची सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया झाली. हिंदच्या सांगाड्यांचे क्रमांक, बिल्ल्यांचे प्रकार, वर्षागणिक बदललेले चिमटे यांची जुळणी करायला लंडनला जावं लागत नाही. जुन्या जाहिराती, दिवाळी अंकांची पाठची पानं, दुकानदारांच्या पावत्या हे साहित्य इथेच आहे. एखाद्या रॅलेच्या वंशावळीवर वर्षं घालवणारे लोक हिंदकडे पाठ फिरवतात, ही मला तरी चुकीची निवड वाटते.

आपल्याकडच्या सायकलींवर आणखी एक पुरावा असतो जो इंग्लंडच्या पुस्तकांत नसतो: नगरपालिकेचा बिल्ला. सायकलवर कर होता तेव्हा तो भरल्यावर धातूचा छोटा बिल्ला मिळायचा आणि तो सायकलला लावून ठेवावा लागे. त्यावर गावाचं नाव आणि साल असतं. सायकल कोणी बनवली हे तो सांगत नाही, पण त्या साली ती त्या गावात होती हे सांगतो. आसनसोलचा कारखाना सुरू होण्याआधीच्या सालाचा बिल्ला एखाद्या हंबरच्या चिमट्याला गंजून चिकटलेला मिळाला, तर ती विलायती असल्याचा तो बऱ्यापैकी भक्कम पुरावा झाला. अर्थात बिल्ला दुसऱ्या सायकलीवरून काढून लावता येतो. चिकटलेला गंज मात्र लावता येत नाही.

सैन्याच्या सायकलींविषयी थोडक्यात. पुण्यात कर्वेनगरला असलेल्या विक्रम पेंडसे सायकल म्युझियममध्ये बीएसएची दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल पाहायला मिळते. दोन समांतर वाकवलेल्या नळ्या आणि घडी उलगडणारे पंखांचे नट यामुळे ती इतर कशाशी गल्लत होण्यासारखी नाही. ब्रिटिश लष्कराच्या मालावर ठोकलेला रुंद बाण इतर सायकलींवरही सापडतो. तो मालकाचा शिक्का आहे, कर्त्याचा नाही.

आतापर्यंत बोललो त्या सायकली कारखान्यांच्या जमान्यातल्या. मागे सरकत गेलं की बिल्ले, क्रमांक, ट्रान्स्फर सगळं गळून पडतं आणि ओळख पटवण्याचं काम निराळंच रूप घेतं. पुढच्या चाकाला पायडल लावलेली ‘हाडं खिळखिळी करणारी’ सायकल १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये उदयाला आली. तिचं श्रेय पिएर मिशो या लोहाराला द्यायचं की पिएर लालमाँ या कारागिराला, यावर दीड शतक भांडण चालू आहे. लालमाँने अमेरिकेत जाऊन २० नोव्हेंबर १८६६ ला पेटंट घेतलं, हे कागदावर आहे. मिशोच्या कारखान्यातून १८६८ मध्ये मोठ्या प्रमाणावर माल निघू लागला, हेही. त्याच्या आरंभीच्या सांगाड्याला सापासारखी नागमोडी बाक होती, ती पुढे बदलून सरळ तिरपा घडीव दांडा आला. या बदलावरून काळ ठरतो, पण कर्ता ठरत नाही, कारण १८६९ च्या त्या लाटेत युरोप-अमेरिकेतले बग्ग्या बनवणारे आणि लोहार असल्या सायकली भराभर करत होते आणि नाव कोरायची गरज त्यांना वाटत नव्हती. अशा सायकलीपुढे ‘मिशो’ असं लिहिणाऱ्या विक्रेत्यांचा आत्मविश्वास पाहून मौज वाटते.

याहून मागे गेलं तर पुरावा जवळपास संपतो आणि देशप्रेम सुरू होतं. स्कॉटलंडच्या कर्कपॅट्रिक मॅकमिलन या लोहाराने १८३९ च्या सुमारास पायटा दाबून मागचं चाक फिरवणारी सायकल केली, अशी मान्यता आहे. ती मान्यता रुजली १८९० च्या दशकात, त्याच्याच एका नातलगाच्या प्रयत्नांमुळे. १८४२ च्या वृत्तपत्रात ग्लासगोत एका मुलाला धडक देऊन पाच शिलिंग दंड भरलेल्या सायकलस्वाराची बातमी आहे, पण त्यात त्याचं नाव नाही. मॅकमिलनची म्हणून दाखवली जाणारी सायकल प्रत्यक्षात टॉमस मॅकॉल या दुसऱ्या कारागिराच्या बनावटीची आहे. फ्रान्समध्ये १८९१ साली बॉद्री द सोनिये या लेखकाने एका ‘काउंट द सिव्राक’ला सायकलचा जनक ठरवून टाकलं; असा कोणी जनक झालाच नव्हता, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. रशियात निझ्नी तागिलच्या संग्रहालयातली सायकल १८०१ च्या आर्तामोनोव नावाच्या शेतकऱ्याची म्हणून गौरवली गेली. तिच्या लोखंडाची तपासणी केल्यावर ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली निघाली. आणि १९७४ मध्ये लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत पायडल-चेनसकट सायकलचं चित्र प्रकट झालं, त्यावर जर्मन इतिहासकार हान्स-एऱ्हार्ड लेसिंग यांनी ते नंतर कोणीतरी घुसडलेलं आहे असं सप्रमाण मांडलं. या सगळ्या प्रकरणांत एक पद्धत दिसते. वस्तू आधी पाहिली जात नाही. नाव आधी ठरतं, मग त्याला साजेशी वस्तू शोधली जाते. माळ्यावरच्या रॅलेबाबतही नेमकं हेच घडतं, फक्त पल्ला लहान असतो.

बाजाराचा दबाव या घोळात भर घालतो. जुने बिल्ले आणि ट्रान्स्फर यांच्या हुबेहूब नकला आज उघडपणे विकल्या जातात आणि दुरुस्तीसाठी त्या लागतातही. त्यात गैर काही नाही. गैर होतं ते त्या नकला लावलेली सायकल पुढच्या गिऱ्हाइकाला काही न सांगता विकताना. कधी कधी तर सायकल इतकी वेगळी दिसते की ओळख विचारायचीच गरज नाही असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावी मिकाएल पेडर्सन या डॅनिश माणसाने १८९० च्या दशकात बारीक नळ्यांच्या त्रिकोणांची, झोपाळ्यासारखी जाळीदार सीट असलेली सायकल केली. एकदा पाहिलेली पेडर्सन कोणी विसरत नाही. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून कोपनहेगनमध्ये तिच्या नव्या आवृत्त्या घडू लागल्या आणि त्यांतल्या जुन्या आता चाळीस-पन्नास वर्षांच्या आहेत. अंगावर चांगला गंज चढायला एवढा काळ पुरेसा असतो.

म्हणूनच ओळख पटवण्याच्या आधी सायकल रंगवायला देणाऱ्यांवर मला राग येतो. हौसेने दिलेला चकचकीत रंग सांध्यांवरच्या पितळी झाळीचा काठ, जुन्या सोनेरी रेघांचा माग, ट्रान्स्फरची सावली आणि सीटच्या लगवर ठोकलेला क्रमांक हे सगळं एका दुपारी बुजवून टाकतो. आधी साबणाचं पाणी, मग तिरपा प्रकाश, आकड्यांत खडूची पूड, बिल्ल्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने उमटवलेला ठसा. ज्याला घाई आहे त्यानेही एवढं करायला हरकत नसावी.

क्रमांकाबद्दल लोकांची अपेक्षा मात्र अवाजवी असते. मोटारीच्या नोंदणीपुस्तकासारखी एखादी वही असेल, आकडा सांगितला की कारखाना, साल, पहिला गिऱ्हाईक सगळं बाहेर येईल, असं वाटतं. प्रत्येक कारखान्याचा क्रमांक स्वतःपुरता असतो, काही जण पुन्हा एकपासून सुरू करत, काही अक्षरं जोडत. कर्ता माहीत नसेल तर एकट्या आकड्याला अर्थ नाही. कर्ता माहीत असेल तरी वही उरलेली असायला हवी. श्विनच्या १९४८ पूर्वीच्या नोंदी आगीत गेल्या. उरलेल्या वह्या आणि कॅटलॉग यांचा धांडोळा घेण्याचं मोठं काम ब्रिटनच्या व्हेटरन-सायकल क्लबने १९५५ पासून आणि अमेरिकेच्या ‘व्हीलमेन’ या संस्थेने १९६७ पासून चालवलं आहे. वॉरिक विद्यापीठात सायकलविषयक कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे आणि रॅलेची कागदपत्रं नॉटिंगहॅमशरच्या अभिलेखागारात. यांना प्रश्न विचारताना नुसता आकडा न पाठवता बॉटम ब्रॅकेटचं माप, चिमट्याच्या माथ्याचा आणि लगचा जवळून काढलेला फोटो, मागच्या चाकाच्या आऱ्यांची संख्या एवढं पाठवलं तर उत्तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

संग्रहालयांनी मात्र अजून एक सवय लावून घ्यायला हवी. सायकलपुढच्या पाटीवर एकच नाव लिहिण्याऐवजी सांगाडा कुठला, मूळचे भाग कोणते, नंतर बसवलेले कोणते आणि नाव कोणत्या पुराव्यावरून दिलं हे चार ओळींत लिहिता येतं. चित्रांच्या दालनात ‘अमुकच्या शैलीतलं’ किंवा ‘अमुकचं मानलं जाणारं’ असं लिहायला कोणी कचरत नाही. सायकलच्या पाटीवर तसं लिहिलं की दान देणारं कुटुंब नाराज होतं, विकणाऱ्याची किंमत उतरते आणि म्हणून बहुतेक पाट्यांवर अजूनही एकच शब्द असतो: रॅले.